सव्वीस कुपनांचा सूट

दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैनिकाला घरी धाडताना सरकार त्याच्या हातात पुठ्ठ्याचं एक खोकं देत असे. आत कोट, वेस्टकोट आणि पँट असा सूट, एक शर्ट आणि त्याला जोडायच्या दोन कॉलर, टाय, मोजे, बूट, रेनकोट आणि हॅट. लंडनमध्ये ऑलिम्पिया नावाच्या अवाढव्य प्रदर्शन-भवनात हे वाटप चाले. रांगेतून पुढे सरकायचं, टांगलेल्या सुटांतला अंगाला त्यातल्या त्यात बसेल तो निवडायचा, खोकं काखोटीला मारायचं आणि बाहेर पडायचं. दाराशी काळाबाजारवाले उभेच असत. न उघडलेल्या खोक्याला रोख पाउंड मोजायची त्यांची तयारी असे. जून १९४५ ते १९४६ ची अखेर या दीड वर्षात फौजेतून चाळीस लाखांहून अधिक लोक सुटले. हा सुटकेचा सूट, म्हणजे 'डीमॉब सूट', त्या काळच्या विनोदाचा हक्काचा विषय होऊन बसला. खांदे इथे, बाह्या तिथे, पँट भलतीकडेच!

शिंप्यांना मात्र यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. लाखो पुरुष एकदम खाकी उतरवून साध्या कपड्यांत येणार म्हणजे धंद्याची सुगीच. पण ही सुगी गल्लीतल्या शिंप्याच्या वाट्याला आली नाही. लीड्स शहरातल्या कारखान्यांनी ती परस्पर कापून नेली.

कापडाच्या टंचाईने शिंपीकाम बसतं, असं सहसा धरून चालतात. मला ते अर्धंच पटतं. कापड दुर्मिळ झालं की जुनं उसवून नवं शिवणारा, तोकड्यात भागवणारा हात उलट जास्त लागतो. ब्रिटनमध्येही तसंच झालं. तिथल्या छोट्या शिंप्याला जे भोवलं ते कापड किती होतं यापेक्षा ते कसं वाटलं गेलं यामुळे. ती गोष्ट युद्ध संपण्याच्या चार वर्षं आधी सुरू होते.

१ जून १९४१, रविवार. व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी रेडिओवरून जाहीर केलं की आजपासून कपड्यांना रेशन. आधी कुणकुण लागली असती तर लोकांनी दुकानं धुऊन नेली असती, म्हणून बेत कमालीचा गुप्त ठेवला होता. इतका, की कपड्यांची वेगळी कुपनंही छापलेली नव्हती. लोकांच्या रेशन पुस्तकात मार्गारिनची काही कुपनं शिल्लक होती, तीच सुरुवातीला कपड्यांसाठी चालवली गेली. माणशी वर्षाला ६६ कुपनं. पुरुषाच्या कोटाला १३, वेस्टकोटाला ५, पँटला ८, म्हणजे पूर्ण सुटाला २६. एक सूट घेतला की वर्षाची बेगमी चाळिसावर आली, आणि त्यातच शर्ट, बूट, मोजे, चड्ड्या बसवायच्या.

यातली मेख अशी, की कुपनं कपड्याच्या जातीवर होती, किमतीवर नव्हती. सॅव्हिल रो या लंडनच्या सुप्रसिद्ध शिंपीगल्लीत माप देऊन शिवलेला, वीस वर्षं टिकणारा सूटही सव्वीस कुपनांचा आणि दोन पावसाळ्यांत गुडघ्यावर विरणारा स्वस्त तयार सूटही सव्वीस कुपनांचाच. पैसेवाल्याने काय करावं हे सांगायला नको. मोजकीच कुपनं हातात असतील तर ती उत्तम मालावर लावावी. त्यामुळे रेशनच्या सुरुवातीला चांगल्या शिंप्यांचं काही बिघडलं नाही. लष्करी अधिकाऱ्यांचे गणवेश तर त्यांच्याकडे येतच होते. मार बसला तो गरिबाला. त्याची कुपनंही संपायची आणि कपडाही फाटायचा.

हा अन्याय सरकारच्या ध्यानात आला आणि त्यातून 'यूटिलिटी' कपड्यांची योजना निघाली. ठरावीक दर्जाचं कापड, ठरावीक किंमत, आणि आत शिवलेला एक शिक्का. दोन सी आणि ४१ हा आकडा असलेलं ते चिन्ह अंगावर वागवतच ती पिढी वाढली. पुढे या शिक्क्याच्या कपड्यांना खरेदी-करही माफ झाला. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस यांच्यासारख्या नामवंत वेशकारांकडून नमुने करवून घेतले गेले. सामान्य घरातल्या बाईला इतक्या वरच्या हाताने बेतलेला कपडा आजवर कधी मिळाला नव्हता. योजना चांगलीच होती. पण ठरावीक कापडाचे लांबच लांब तागे, एकाच नमुन्याच्या हजारो प्रती आणि सरकारने बांधलेली किंमत हे गणित मोठ्या कारखान्याला जमतं. एक मशीन, एक इस्त्री आणि बायकोच्या हातची काज-बटणं एवढ्यावर चालणाऱ्या दुकानाला ते कसं जमावं?

कापडाचा भाव सरकारने ठरवावा, हे लोकांनी ऐकलं होतं. कपडा कसा बेतावा हेही सरकार सांगू लागलं, ते १९४२ मध्ये. त्या वर्षी निघालेल्या काटकसरीच्या हुकुमांनी थेट शिंप्याच्या कातरीवर हात ठेवला. पुरुषांच्या कोटाला खिसे तीनच. पुढे बटणं तीनच, बाहीवर एकही नको. छातीवर दुहेरी येणारा कोट बंद. पँटचा बॉटम १९ इंचांच्या वर नाही. आणि सर्वांत झोंबलेली गोष्ट म्हणजे पँटच्या पायाला बाहेरून जी दुमड असते, ती बंद.

दुमडीला कापड लागतं ते चार बोटं. पण ब्रिटिश पुरुषाला ती गेल्याचं दुःख फार झालं. व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांना या दुमडीपायी जेवढी टीका सोसावी लागली, तेवढी मोठमोठ्या प्रश्नांपायीही लागली नसेल. शिंप्यांनी तोडगा शोधला. पँट गिऱ्हाइकाच्या उंचीपेक्षा मुद्दाम लांब शिवायची. ती 'चुकून' लांब झाली की गिऱ्हाइकाने घरी नेऊन दुमडून घ्यायची, म्हणजे दुकानात नियम पाळला गेला आणि घरी हौस भागली. पुरुषांच्या कपड्यांवरचे हे निर्बंध १९४४ च्या सुरुवातीला उठले. वाचलेलं कापड आणि ओढवलेला रोष यांचा ताळा मंत्रालयाने कधी मांडला असेल, तर तो त्यांना सुखावणारा नसणार.

शिंप्याला दुमडीपेक्षा जास्त लागलेली गोष्ट गिऱ्हाइकाला दिसत नव्हती. चांगला शिंपी शिवणीत माया ठेवतो. कुशीला, पाठीला, पँटच्या मागच्या शिवणीला बोट-दीड बोट कापड आत दाबून ठेवायचं, म्हणजे माणूस सुटला की कपडाही सोडता येतो, आणि बापाचा कोट मुलाच्या अंगावर चढवता येतो. कुपनाच्या काळात प्रत्येक इंचाचा हिशोब आला. शिंप्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेली कुपनं कापडाच्या व्यापाऱ्याकडे द्यायची, व्यापाऱ्याने ती पुढे गिरणीकडे. दुकानदारांची कुपनांची खाती बँकांत असत. म्हणजे शिंप्याला आता पैशाची एक आणि कुपनांची एक अशा दोन चोपड्या जुळवायच्या होत्या. गिऱ्हाईक काटकुळं असो की ढेरपोट्या, सुटाची कुपनं सव्वीसच. कापड मात्र त्याच्या पोटाप्रमाणे लागणार. ऐसपैस माया ठेवणं ही शिंप्याची उदारता होती, ती आता तोट्याची झाली.

दुरुस्तीचं काम मात्र भरपूर होतं. सरकारने 'आहे ते सांधून वापरा' अशी मोहीमच चालवली, पुस्तिका काढल्या, शिवणाचे वर्ग भरवले. नवरा आघाडीवर असलेल्या घरांत त्याचे सूट उसवून बायकोसाठी कोट-स्कर्ट शिवले गेले. ब्लॅकआउटच्या पडद्यांचं काळं कापड, पॅराशूटचं रेशीम, ब्लँकेटं असं सगळं मशीनखाली येऊन गेलं. पण मला सर्वांत नवल वाटतं ते कोट उलटवण्याच्या कसबाचं. लोकरीचं कापड बाहेरून झिजून चकाकायला लागतं, आतली बाजू मात्र अस्तराखाली कोरी राहते. शिंपी अख्खा कोट उसवायचा, प्रत्येक तुकडा पालथा करायचा आणि आतली बाजू बाहेर काढून पुन्हा शिवायचा. कोट नवा दिसायचा, पण एक गोष्ट लपत नसे. छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे गेलेला असे. जाणत्या माणसाला लांबूनच कळायचं, साहेबांचा कोट दुसरा जन्म जगतो आहे. या कामाला कापड लागत नाही, लागते ती मेहनत. नवा कोट शिवण्यापेक्षा ते किचकट असतं आणि मजुरी मागताना गिऱ्हाईक म्हणतं, कापड तर माझंच होतं ना!

मे १९४५ मध्ये युरोपात युद्ध संपलं. लोकांना वाटलं, आता कुपनं जाणार. झालं उलटं. सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९४६ या आठ महिन्यांसाठी मिळून माणशी २४ कुपनं देण्यात आली. म्हणजे जिंकलेल्या देशातल्या माणसाला आठ महिन्यांत एक सूटही पुरता घेता येत नव्हता. कपड्यांचीच ही गत नव्हती. युद्धात एक दिवसही रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला.

कापड गेलं कुठे? एक तर ते निघतच कमी होतं. युद्धात कापडाच्या अनेक गिरण्या बंद करून कामगार दारूगोळ्याच्या आणि विमानांच्या कारखान्यांत नेले होते. लँकेशायरच्या ज्या मुली एकदा गिरणी सोडून गेल्या, त्या लिंटच्या धुरळ्यात आणि मागांच्या खडखडाटात परत यायला राजी नव्हत्या. दुसरं कारण डॉलरचं. युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. १९४६ मध्ये अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. अन्न, तंबाखू, यंत्रं, सगळं डॉलर मोजून आणायचं, तर डॉलर मिळवून देणारा चांगला माल देशाबाहेर गेलाच पाहिजे. उत्तम लोकर, उत्तम ट्वीड, उत्तम शिलाई ही निर्यातीची. देशातल्यांनी शिक्क्याचा कपडा घालावा. हा कारभार हाकणारे व्यापारमंत्री होते सर स्टॅफर्ड क्रिप्स. १९४२ मध्ये दिल्लीत येऊन स्वराज्याचा कच्चा खर्डा पुढे करणारे, शाकाहारी, करड्या शिस्तीचे, तेच क्रिप्स. हौसमौज पुढे ढकला हे लोकांना सांगायला त्यांच्याइतका योग्य माणूस मंत्रिमंडळात दुसरा नव्हता.

१९४६ च्या सप्टेंबरात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक प्रदर्शन भरलं. नावाचा अर्थ साधारण असा की ब्रिटन हे सगळं बनवू शकतं. चौदा लाखांच्या घरात लोक ते पाहायला आले. वस्तू सुरेख होत्या, फक्त त्यातल्या बऱ्याचशा दुकानात मिळत नव्हत्या. लोकांनी लगोलग नाव बदलून टाकलं : ब्रिटनला हे मिळू शकत नाही.

मग १९४७ चा हिवाळा आला. बर्फाने रस्ते आणि रेल्वे अडल्या, कोळसा खाणींच्या तोंडाशीच पडून राहिला. १० फेब्रुवारीपासून लंडन, मिडलँड्स आणि लँकेशायरसह वायव्येकडच्या भागातल्या कारखान्यांची वीज तोडण्यात आली. माग थांबले. आणि बरोबर दोन दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये ख्रिस्तियन दिओर या नव्या वेशकाराने आपला पहिला संग्रह मांडला. चिमटीत मावेल अशी कंबर आणि खाली पिंडऱ्यांपर्यंत उतरणारे प्रचंड घेर. एकेका पोशाखाला दहा-वीस वार कापड. या उधळपट्टीमागे कोण होतं, हे पाहण्याजोगं आहे. दिओरला भांडवल देणारा माणूस होता मार्सेल बूसाक, फ्रान्सचा कापूसराजा. स्कर्टच्या घेरात कापड जितकं जास्त, तितकं त्याच्या गिरण्यांना बरंच.

क्रिप्सनी ब्रिटिश वेशकारांना बोलावून सांगितलं, हे इथे आणू नका. काही महिला खासदारांनी जाहीर टीका केली. कुणी ऐकलं नाही. सहा वर्षं गुडघ्याशी आखडलेले स्कर्ट बायकांना नकोसे झाले होते. कुपनं नव्हती तेव्हा त्यांनी जुन्या स्कर्टला खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली, कमरेपाशी योक घालून स्कर्ट खाली उतरवला, दोन जुन्यांचा एक नवा केला. ही कामं पुन्हा छोट्या शिंप्यांकडे आणि घरी मशीन चालवणाऱ्या बायकांकडेच आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचं लग्न होतं. वधूच्या पोशाखालाही कुपनं मोजावी लागणार म्हणून देशभरातल्या बायकांनी आपली कुपनं तिला पाठवली. ती सगळी साभार परत करावी लागली, कारण एकाची कुपनं दुसऱ्याने वापरणं गुन्हा होता.

१५ मार्च १९४९ रोजी नवे व्यापारमंत्री हॅरॉल्ड विल्सन यांनी कपड्यांचं रेशन संपवलं. यूटिलिटीचा शिक्का १९५२ पर्यंत चालला.

या आठ वर्षांत धंद्याचा नकाशा कसा बदलला ते पाहायचं तर लीड्सला जावं लागेल. तिथला माँटेग्यू बर्टन हा लिथुआनियातून आलेला ज्यू मुलगा. युद्धाआधीच त्याची सहाशेच्या आसपास दुकानं झाली होती. दुकानात फक्त माप घ्यायचं, बेतायचं आणि शिवायचं लीड्सच्या हडसन रोडवरच्या कारखान्यात, जिथे दहा हजारांवर माणसं राबत. युद्धात लष्करी गणवेशांचा मोठा वाटा बर्टनने शिवला आणि युद्धानंतर डीमॉब सुटांचाही. हे शिवताना कारखान्यांच्या हाती एक मोलाची गोष्ट आली : लाखो पुरुषांच्या छाती, कंबर आणि उंचीचा अनुभव. किती मापांत किती माणसं बसतात, हे त्यांना आता पक्कं कळलं. उलट गल्लीतल्या शिंप्याकडची मापाची चोपडी आठ वर्षं शिळी झाली होती. त्याचं गिऱ्हाईक फौजेत तयार कपडा घालायला शिकलं होतं आणि फौजेतून सुटल्यावर अंगावर आला तोही तयार सूटच. शिकाऊ पोरं सैन्यात गेली ती कातरी धरायला परत आली नाहीत. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ज्या गल्ल्यांत ज्यू शिंप्यांची कामघरं दाटीवाटीने होती, त्यांतल्या कित्येक बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाल्या होत्या. अर्थात महागाईने मोठ्यांनाही सोडलं नाही. लीड्समधलीच 'पन्नास शिलिंगवाले शिंपी' अशा नावाची पाटी मिरवणारी एक साखळी होती. पन्नास शिलिंगांत सूट देणं अशक्य झाल्यावर पन्नासच्या दशकात तिला नावच बदलावं लागलं.

याच वर्षांत मुंबईतही कापडाची ओढाताण होती. इथल्या गिरण्यांचा माल युद्धात फौजांकडे वळला होता. जून १९४३ मध्ये सुती कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला, मुंबईत टेक्स्टाइल कमिशनरचं कार्यालय आलं आणि ताग्यांवर किमतीचे शिक्के पडू लागले. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठवलं, भाव असे भडकले की जुलैअखेर ते पुन्हा आणावं लागलं. फाळणीने चांगल्या कापसाचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला आणि गिरण्या बहुतेक सगळ्या इकडे राहिल्या. त्यात १९५० मध्ये बोनससाठी मुंबईच्या दोन लाखांवर गिरणी कामगारांचा ६३ दिवसांचा संप झाला. म्हणजे टंचाईचे हाल इथेही कमी नव्हते. पण इथलं रेशन होतं वारांत : माणशी इतके वार कापड. हातात पडायचं ते धोतरजोडी, लुगडं नाहीतर शर्टिंगचा तुकडा. न शिवता नेसायचं ते नेसलं जाई, बाकीचं शिंप्याकडेच जाई, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. सरकारने तयार शर्ट किंवा तयार कोट वाटला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याचं गिऱ्हाईकही तोडलं नाही. तयार कपड्यांनी त्याच्या पोटावर पाय दिला तो कित्येक दशकांनी, आणि तेव्हा बाजारात कापडाचा नुसता पूर होता.

लंडनमध्ये शेवटची गंमत उरली होती. टंचाईला विटलेल्या सॅव्हिल रोच्या शिंप्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस राजा सातव्या एडवर्डच्या काळचा थाट परत आणला : लांब कोट, मखमली कॉलर, नक्षीचा वेस्टकोट, अरुंद पँट. गिऱ्हाईक म्हणजे उमराव घरांतले तरुण आणि गार्ड्स पलटणींचे अधिकारी. दोन-चार वर्षांत ती टूम थेम्स ओलांडून दक्षिण लंडनच्या कामगार वस्त्यांत पोचली. पन्नासच्या दशकात हातात पगार खुळखुळणाऱ्या पोरांना कोट गुडघ्यापर्यंत हवा होता, खांदे ऐसपैस, आणि कापड भरपूर, ज्याचा एक इंचही त्यांच्या बापांना मिळाला नव्हता. कारखान्याच्या ठरीव नमुन्यात हे बसेना, म्हणून ती मोहल्ल्यातल्या शिंप्यांकडे गेली. सूट शिवून घ्यायचा आणि दर आठवड्याला हप्ता भरायचा. १९५३ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव 'टेडी बॉईज' असं पाडलं आणि त्यांच्या मारामाऱ्यांच्या बातम्या छापल्या. त्या वाचून सॅव्हिल रोच्या सभ्य गिऱ्हाइकांनी आपले लांब कोट घाईघाईने कपाटात टाकले. गल्लीतल्या शिंप्यांना मात्र पुढची काही वर्षं कामाची वाण नव्हती.